वाटीवरचं झाकण

४ जानेवारी
बायको टेकडीवर तिच्या बहिणीकडे राहायला गेली, त्याला आठवडा झाला. कारण शुद्ध भौगोलिक आहे. आमचं शहर म्हणजे वाटी, तिन्ही बाजूंनी डोंगर. थंडीत गार हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण, आणि आत गावभरचा धूर. मेहुणीचं घर झाकणाच्या वर आहे. हिला खोकला. मीच म्हणालो, जा. (ती बॅग भरून दारात उभी होती, तेव्हा म्हणालो.)
थंडी सरली की झाकण उडेल, मग ती परत येईल. भूगोलाचा मास्तर आहे मी, हा धडा मला कोण शिकवणार?

७ जानेवारी
हवा तपासायचं यंत्र आणलं. चांगली हवा असली की हिरवा दिवा, वाईट असली की लाल. माझ्या खुर्चीशेजारच्या टीपॉयवर ठेवलं, अ‍ॅशट्रे जरा सरकवून. लगेच लाल! म्हणजे माझंच बरोबर. त्या आनंदात एक ओढली.
ठरवलं: रोज संध्याकाळी तिला फोनवर हवेचा रिपोर्ट द्यायचा. आज दिला. तिने विचारलं, जेवलात का. मी वाऱ्याची दिशा सांगितली.

११ जानेवारी, सकाळी
आजपासून सिगारेट बंद. हवेचा काही संबंध नाही, सहज आपलं.

११ जानेवारी, दुपारी
नववीचे पेपर तपासायला घेतले. अशा कामात एकदम बंद करणं प्रकृतीला बरं नसतं. सोमवारपासून.

२० जानेवारी
शाळेतल्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, यंत्र एकदा बाल्कनीत ठेवून बघा की. मला हसू आलं. बाहेरची हवा वाईट हे ठाऊकच आहे, ते काय तपासायचं? विज्ञानवाल्यांना भूगोल कळत नाही तो नाहीच.
सोमवार आला आणि गेला. शाळेत इन्स्पेक्शन होतं.

२ फेब्रुवारी
सवयीने दोघांचा चहा टाकला. माझा झाल्यावर तिचाही प्यायलो, वाया कशाला घालवायचा? खिडकीतून टेकडी दिसत नाही, नुसता करडा पडदा.
घर फार शांत झालंय. बायकोच्या खोकल्याची आठवण येते, हे माणसाने सांगायचं तरी कुणाला?

१७ फेब्रुवारी
फोनवर म्हणाली, वर आल्यावर खोकला आठवड्यातच थांबला. मी म्हणालो, बघ, उंची! ती म्हणाली, उंचीचं काही नाही, इथे घरात कुणी ओढत नाही. मी तिला समुद्रसपाटीपासूनची उंची समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात फोन कट झाला. डोंगराळ भागात रेंजचा प्रॉब्लेम असतोच.
नंतर तीनदा लावला. डोंगराळ भाग.

३ मार्च
वारा फिरला! पश्चिमेच्या खिंडीतून असा घुसला की झाकण गेलं उडत. डोंगरावरचं झाडन् झाड वेगळं दिसतंय. टीव्हीवरही सांगितलं, शहराची हवा उत्तम.
यंत्र लाल. तावातावाने दुकानात घेऊन गेलो. तिथे काउंटरवर ठेवल्या ठेवल्या हिरवं. दुकानदार माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघून म्हणाला, यंत्र ठीक आहे साहेब. घरी आणलं तर पुन्हा लाल. रिक्षात धक्के बसले असणार.

५ मार्च
तिचा स्वतःहून फोन! उद्या येते म्हणाली. मी म्हणालोच होतो, थंडी सरली की येईल.
पडदे धुतले. खिडक्या सताड उघडल्या. अ‍ॅशट्रे माळ्यावर टाकला. यंत्र बाल्कनीत ठेवून पाहिलं, छान हिरवं. तिला दाखवायला तीच जागा बरी.

६ मार्च
आली. तब्येत सुधारलीय, गाल भरलेत. आधी बाल्कनीत नेलं, हिरवा दिवा दाखवला, खिंड दाखवली, वारा समजावून सांगितला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग यंत्र उचलून आत आणलं आणि टीपॉयवर ठेवलं. लाल. बोलली असती तर बरं झालं असतं, माझ्याकडे उत्तर तयार होतं.
मग तिने कपाट उघडलं. उन्हाळ्याचे सगळे सुती कपडे काढून बॅगेत भरले. मी म्हणालो, चहा टाकतो, दोघांचा. म्हणाली, नको, बस चुकेल. दारात थांबून म्हणाली, जेवत जा वेळेवर. मी हो म्हणालो. वाऱ्याबद्दल काही सुचलं नाही.

६ मार्च, संध्याकाळी
आज रिपोर्ट दिला नाही. ती आत्ताच स्वतः बघून गेलीय.
माळ्यावरून अ‍ॅशट्रे काढला.
एकटं वाटतंय. पण निराश व्हायचं कारण नाही. कपाट नीट पाहिलं, लोकरीचे कपडे ठेवून गेलीय. म्हणजे थंडीत नक्की येणार.
ते न्यायला.