कंदीलपुष्पाला शेंग धरेना

तारनाका, हैदराबाद

प्रिय अनिरुद्ध,

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकला असशील. कुणी गेलेलं नाही, मीही धडधाकट आहे. नुसतं डोकं फिरलंय, आणि ते ऐकून घेईल असं माणूस इथे उरलेलं नाही. भाची हर्षदा राहते माझ्याकडे. ती म्हणते, मावशी, रिटायर झालीस ना, मग एका वेलीसाठी कायकू परेशान होतेस? तिला मराठी धड वाचता येत नाही, म्हणून हे पत्र बिनधास्त टेबलावर ठेवून लिहिते आहे.

विद्यापीठामागच्या झाडीत, खडकांच्या आडोशाला कंदीलपुष्पाच्या वेली यायच्या, त्या विसरला नसशील. अलीकडे मोजक्याच उरल्या होत्या. पावसाळा सरला की वेल वाळते, कंद जमिनीत झोपतो आणि वर नुसती कोरडी माती दिसते. गवत काढणारे नेमके तिथेच कुदळ घालायचे. म्हणून चारपाच वर्षांपूर्वी मी अक्कल चालवली. वेलींभोवती दगडांचं रिंगण मांडलं आणि लांबून दिसावेत म्हणून त्यांना गेरू फासला. कडुनिंबाखाली गेरूचे दगड! अख्खा जन्म हैदराबादेत काढलेल्या बाईने हे करावं! आषाढात बोनालूचा सण आला, कुणीतरी त्यांना हळद लावली, निंबाचा डहाळा ठेवला, आणि माझं कुंपण पोचम्मा देवी होऊन बसलं.

मग काय विचारतोस! नैवेद्याची मडकी डोक्यावर घेऊन बायका आल्या. त्यांनी जागा झाडून लख्ख केली आणि नुकते वर आलेले कोंब गवत समजून उपटले. पुढे कुणा भल्या माणसाने चौथरा बांधून वर फरशी बसवली. मी एका साहेबाकडे तक्रार घेऊन गेले, तर तो म्हणतो, मॅडम, दगड मांडले कुणी? कपाळ बडवत घरी परतले! देवीशी माझं भांडण नाही रे. मल्लम्मा नावाची बाई रोज तिथे दिवा लावते, तिचे गुडघे दुखायचे थांबले म्हणे. न राहवून तिला सांगितलं, हे दगड मीच मांडलेत. ती हसून म्हणाली, देवीनेच तुझ्या हातून मांडून घेतले. आता हिच्याशी वाद घालायचा तरी कसा?

चौथऱ्याच्या कडेला एक वेल तेवढी वाचली. तिच्यावर हळदीचं पाणी ओतू नको म्हणून मोडक्या तेलुगूत मल्लम्माला विनवलं, तिनेही ऐकलं. वेल फुलते. चिमुकल्या माशा फुलात शिरतात, आतल्या केसांत अडकतात, फूल मान टाकतं तेव्हा सुटतात. सगळं यथासांग होतं आणि शेंग काही धरत नाही. गेल्या वर्षी नाही, यंदाही नाही. स्वतःचे पराग या वेलीला चालत नाहीत, दुसऱ्या वेलीचे लागतात, हे मी जन्मभर पोरांना शिकवलं. तरी भिंग आणि सुई घेऊन तिच्याच फुलांशी खटपट करत बसते, वेड्यासारखी! सगळी झाडी पालथी घातली, दुसरी वेल नाही. कंद म्हातारा झालाय. तो कुजला की इथलं कंदीलपुष्प संपलं. मला रडू येतं, आणि रडू येतं याचाच जास्त संताप होतो.

परवा इथे हिमायतनगरला आपल्या डिपार्टमेंटचा मंदार भेटला. तुझ्या नांदेडच्या गॅलरीत, कुंडीत, याच झाडीतली वेल अजून फुलते म्हणाला. तू तो कंद खणून घरी नेलास तेव्हा सगळ्या डिपार्टमेंटसमोर मी तुला चोर म्हणाले, आणि आपलं ठरलेलं लग्न मोडलं. तो शब्द मी आजही मागे घेत नाही. चोरी ती चोरीच. पण चोरलास म्हणून तो जगला, हेही खरं आहे, आणि हे एवढं वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली. कुरिअरवाल्यांवर माझा काडीचा भरवसा नाही. फुलं आहेत तोवर कुंडी मांडीवर घेऊन तूच ये. चहा देईन. भांडणार नाही असं वचन मात्र देत नाही.

तेव्हाही आणि आताही, तुझीच,
माधवी