झोप काढून मारलेली कुस्ती

तळेगाव दाभाडे
दि. ९ एप्रिल, दुपारी सव्वातीन. आत्ताच झोपून उठलो.

तीर्थरूप आबा, पायांवर डोकं ठेवतो.

काल वडगावच्या जत्रेत मी कुस्ती मारली! माझ्याहून वजनदार गडी, पण ढाक मारून चीतपट केला. पंचांनी फेटा बांधला.

वर झोपेचं लिहिलंय म्हणून रागावू नका. दुपारी झोपणारा पैलवान बिघडतो, असं तुम्ही म्हणता. म्हणून रात्रपाळी सुटली की मी न झोपता थेट तालमीत जायचो. एकदा मशीनवरच डुलकी लागली. बोटं शाबूत आहेत, आईला सांगू नका.

शेवटी आमच्या महिपती वस्तादांनी कान धरून तालमीबाहेर काढलं. "लेका, माती कुटं पळून चालली व्हय? आदी झोप, मग ये. आन् कुस्तीच्या आदल्या दिशी हितं दिसलास तर तंगडं मोडीन!"

तेव्हापासून पाळीवरून आलो की भाकरी खाऊन झोपतो आणि संध्याकाळी जोर मारतो. कुस्तीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, नुसती मालीश केली. काल समोरच्याला धाप लागली, तेव्हा मी ताजा होतो.

दिवाळीत तुम्ही म्हणाला होतात, कारखाना नाहीतर कुस्ती, एक सोड. आबा, आता दोन्ही जमतंय. सोडायला सांगू नका.

तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणते, भर उन्हातही तुम्ही टेकत नाही. सोबत फेटा पाठवतोय. गावाला दाखवून झाला की उशाला घ्या आणि दुपारी जरा आडवे व्हा.

तुमचा पैलवान,
सार्थक