मोहावरचं जाळं

पोंभुर्णा, ३ मार्च १९५६

ती. सोमाजीभाऊस कमळाचा सा. न. वि. वि.

आम्ही इथी खुशाल आहो. मोह फुलून राह्यला आणि सासरच्या घरात तंटा पेटला. मागच्या चिंचेवर वाघळं लटकतात, तीच रात्री मोहाची फुलं खातात, म्हणून मामाजी बंदूकवाल्याले बोलावणार आहेत. पण माद्यांच्या छातीले पिल्लं बिलगून आहेत. मले पाहावत नाई. मी म्हटलं, गोळी नको, झाडावर जाळं टाकू. मामाजी म्हणाले, यंदा करून पाह्य. तुमच्या कारखान्यामागे नदीवर मासे धरणारे ढिवर आहेत, त्यायचं जुनं जाळं धाडा.

लहान बहिणीवर मया असू द्या.
कमळा

बल्लारपूर, ९ मार्च १९५६

चि. कमळास सोमाजीचे अ. आ.

इतवारी ढिवराचं जाळं मोटारीनं धाडलं आहे. मासळीचा वास येईल, सासूबाईंना नाक धरायले सांग. लहानपणी काटेरी सायळीचं पिल्लू मारून रांधलं म्हणून तू ताटावरून उठली होतीस, आता वाघळांसाठी सासऱ्याशी वाद. काळजी एकच, नुकसान झालं तर बोल तुलेच लागेल. जपून राह्य.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
सोमाजी

पोंभुर्णा, १९ जून १९५६

ती. सोमाजीभाऊस कमळाचा सा. न. वि. वि.

जाळं अर्ध्याच झाडाले पुरलं. त्या बाजूले फुलं भरपूर मिळाली, मामाजी खूश झाले. मग एका सकाळी एक मादी जाळ्यात अडकलेली दिसली, पोटाशी पिल्लू. मामाजींनी तिले दुपट्ट्यात धरलं, मी विळ्यानं दोर कापले. तिचं तोंड फुलांच्या पिवळ्या भुकटीनं माखलं होतं. पिल्लू मामाजींच्या बोटाले असं चिकटलं की सुटता सुटेना.

आता टोरी, मोहाची फळं, वेचायचे दिवस. उघड्या फांद्या फळांनी वाकल्या, जाळ्याखाली मात्र शोधून शोधून फळ सापडते. मामाजी म्हणाले, मधमाश्या तर जाळ्यातून जात होत्या, मग अडलं कोण. मी म्हटलं, वाघळं अडली. या फुलाची भुकटी त्या फुलाले तीच नेत असतील. टोरी नाई तर वर्षाचं तेल कुठून येईल.

काल जाळं मामाजींनी स्वतः उतरवलं. तेवढ्यात आधी निरोप धाडलेला बंदूकवाला आला. मामाजींनी त्याले पोटभर जेवू घातलं आणि सांगितलं, ही वाघळं आमची रात्रपाळीची गडीमाणसं आहेत, गड्यावर कोणी गोळी झाडते काय.

तेल निघालं की वहिनीले घेऊन या, एवढा लोभ करा.
कमळा