भुलीतली हाक

औरंगाबाद

आई, दवाखान्यातून संघपालचा जयभीम.

चिकलठाण्याच्या नव्या इमारतीवरून पडलो तवा मोडलेल्या पाठीचं ऑपरेशन नीट झालं. पाय शाबूत आहेत. रडू नको.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "नस दुखावली का बघायला ऑपरेशनमधीच तुला जागं केलं. पाय हलव म्हटलं, हलवलेस. डोळे उघडून माझ्याकडं बघत होतास."

मला यातलं काहीच आठवत नाय. मग त्यांचं ऐकलं कोणी? आता डोळा लागायचं भ्या वाटतं.

तिकडं टँकर येतो का? हंडे तू उचलू नको.

लहानपणी मी झोपेत अंगणात चालत जायचो अन् तुझ्या हाकेनं माघारी यायचो म्हणतीस. तवा माझे डोळे उघडे असायचे का?

तेवढं कळव.

तुझा
संघपाल