साध्या सऱ्यांतल्या नांग्या

माय, तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. तुला वाचता येत नव्हतं. हैदराबादेहून मी टाकलेली कार्डं तू शाळेच्या मास्तरांकडं घेऊन जायचीस आणि त्यांचं वाचून झालं की म्हणायचीस, "पुन्यांदा वाचा की." मास्तर वैतागायचे, पण वाचायचे. आता मास्तरही नाहीत आणि तूही नाहीस. तू गेलीस तेव्हा होतीस त्याच्या जवळजवळ दुप्पट वयाचा मी झालोय. तरी परवापासून हे लिहायचं डोक्यात बसलंय. परवा वारंगा फाट्यावर चहा पीत होतो, तर एक शेतकरी ओळख काढून आला आणि म्हणाला, "साहेब, तुमी सांगितलेलं आमी अजूनबी पाळतो बरं का. मोरचुदात भिजवल्याबिगर बेणं जमिनीत घालीत न्हाई." रस्त्यालगत त्याचंच हळदीचं रान होतं, मोठ्या हौसेनं दाखवायला घेऊन गेला. पीक चांगलं होतं. एका सरीत मधेच एक झाड मेलेलं होतं आणि तिथं जमीन मोकळी दिसत होती. त्या मोकळ्या जागेत तू बसली होतीस.

घाबरू नकोस, मला वेड लागलेलं नाही. हे नवं नाही. शेतीखात्याच्या नोकरीत असताना डोंगरकड्याकडं जावं, वसमतच्या बाजूला जावं, कुठंही हळदीत अशी मेल्या झाडाची मोकळी जागा, नांगी, पडलेली दिसली की तू तिथं असतेस. माझ्याकडं पाठ, पदर खोचलेला, हातात खुरपं, आणि तोंडानं विसाविसानं मोजणं चाललेलं. एक वीस, दोन वीस. तू कधी वळून बघत नाहीस. रागावून बघितलं असतंस तर सोपं गेलं असतं. परवाही तसंच झालं आणि तो शेतकरी विचारत राहिला, "साहेब, काय झालं? काय दिसून राहिलं तिथं?" मी म्हटलं, "काही नाही, नांगी पडलीय, भरून घ्या."

बाप गेल्यावर विहिरीचं रान तू एकटीनं सांभाळलंस आणि मला शिकायला लावलंस, हे आपल्या गावात, कुरुंद्यात, सगळ्यांना माहीत होतं. निजामाच्या राजवटीची शेवटची वर्षं होती ती. कॉलेजात सगळं उर्दूतून. मी शास्त्राची पदवी ऑनर्सनं करणार म्हटल्यावर गावानं विचारलं की हे ऑनर्स म्हणजे काय. मलाही धड सांगता येईना. साध्या पदवीला पुस्तकं पाठ करून भागतं, पण ऑनर्सला शेवटच्या वर्षी स्वतः काहीतरी शोधून काढावं लागतं आणि त्याचा प्रबंध लिहून द्यावा लागतो. आमचे प्रोफेसर त्याला तहकीक म्हणायचे. मी तुला तोच शब्द सांगितला आणि तुला फौजदाराची तहकीकात आठवली. "अगं माय! काहून? काय केलं हळदीनं?" असं तू म्हणालीस आणि स्वतःच हसत सुटलीस. तुझ्यासोबत निंदायला येणारी तांड्यावरची काकूही हसली. त्या उन्हाळ्यात मी फार आनंदात होतो. तेव्हा ते कळलं नव्हतं, आता कळतं.

माझा विषय साधा होता. हळदीचे गड्डे जमिनीत कुजतात, झाड पिवळं पडून बसतं. लावायच्या आधी बेणं मोरचूद आणि चुन्याच्या पाण्यात भिजवलं तर कूज कमी होते का, एवढंच बघायचं होतं. प्रोफेसर म्हणाले, अर्ध्या सऱ्या भिजवलेल्या आणि अर्ध्या साध्या, एकाआड एक लावा आणि किती झाडं मरतात ते मोजा. ज्येष्ठात आपण दोघांनी लावण केली. मोरचुदानं माझा सदरा निळा झाला, तो तू धुऊन धुऊन थकलीस आणि शेवटी फाडून फडक्याला घेतलास. भिजवलेल्या सऱ्यांना मी एकेक दगड लावला. मग तुला सांगितलं, "दर आवसेला नांग्या मोज आणि मास्तरांकडून कार्ड लिहवून पाठव. दगडाच्या सऱ्यांच्या वेगळ्या, साध्या सऱ्यांच्या वेगळ्या." अमावास्या यासाठी की त्या दिवशी औत धरत नाहीत, तुला जरा सवड. तू म्हणालीस, "एवढंच ना? व्हईल बराबर." वसमतच्या स्टेशनवर गाडीत बसताना मला वाटलं, मी केवढं मोठं शास्त्र या मातीत आणलंय. आपला पोरगा असा फुगलेला तू कधी बघितला नव्हतास.

त्या साली पाऊस हटेना. गावातल्या सगळ्यांची हळद बसली, असं मास्तर कार्डावर दोन ओळी जास्तीच्या लिहून कळवायचे. आणि आपल्या रानातला आकडा यायचा, दगडाच्या सऱ्यांत दोन, साध्यांत तीन. पुढल्या आवसेला एक आणि दोन. मी बुचकळ्यात पडलो. सगळा गाव कुजतोय आणि आपल्या साध्या सऱ्यासुद्धा ठणठणीत? प्रोफेसरांनी कार्ड हातात घेऊन बघितलं आणि विचारलं, "मियाँ, गिनता कौन है?" मी सांगितलं, गावचे मास्तर. तुझं नाव घ्यायची मला लाज वाटली. इथपासूनच सुरुवात आहे, माय. पुढचं सगळं मोठं झालं, पण बी इथलं आहे.

दिवाळीला मी घरीसुद्धा न जाता आधी रानात गेलो. तू आणि काकू सरीत वाकलेल्या होतात. मी जवळ जाऊन बघितलं आणि बघताक्षणी कळलं. मोठ्या झाडांच्या मधून मधून लहान झाडं होती, वितीएवढी, कोवळ्या पानांची. तू नांग्या भरत होतीस. मेलेलं झाड दिसलं की उपटून बाहेर टाकायचं आणि विहिरीच्या कडेला लावून ठेवलेल्या रोपांतलं एक तिथं बसवायचं. आवसेला मोजायला उरायच्या त्या दोनतीन दिवसांतल्या नव्या नांग्या. त्या तू इमानदारीनं मोजून कळवत होतीस.

मी काय काय बोललो ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतो. काकूदेखत बोललो. अडाणी म्हणालो. माझं वर्ष मातीत घातलंस म्हणालो. "साधी गोष्ट सांगितली होती, तेवढीही कळली नाही!" तू खुरपं हातात धरून उभी राहिलीस. म्हणालीस, "आरं, नांगी कशी ठिवावी सरीत? लोक काय म्हनतील, आईबापाबिगरचं रान हाय का हे?" मग म्हणालीस, "पर ऐक तर लेकरा, म्या ठिवलंय समदं..." मी म्हटलं, गप बस. तू पुन्हा सरीत वाकलीस.

घरी चुलीपाशी तू मला वाढलंस. करंज्या केल्या होत्यास. मी हात लावला नाही. तू पुन्हा सुरू केलंस, "जेव आधी, मंग दावते तुला," आणि मी ताट सरकवून उठलो. भाऊबीज व्हायच्या आत पूर्णेला गाडी बदलून परत हैदराबादेला निघालो. त्या गाडीत, खिडकीतून कुणाचं तरी हळदीचं रान मागं जाताना, मला एक गोष्ट ध्यानात आली. नांग्या भरू नकोस असं मी तुला सांगितलंच नव्हतं. मोज म्हणालो होतो. ज्या गावात मी वाढलो तिथं कुठलीही बाई सरीत नांगी ठेवत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. चार वर्षं शहरात राहून मी ते विसरलो आणि अडाणी तुला म्हणालो. उतरलो की कार्ड टाकू असं ठरवलं. टाकलं नाही. प्रबंधाच्या काळजीत राहिलं म्हणायला जागा आहे, पण खरं म्हणजे माफी मागायची सवय नव्हती.

पौषात तुला ताप आला. मास्तरांचं कार्ड मला मिळालं तोवर तू गेली होतीस. मी पोहोचलो तेव्हा ओसरीवर नुसती माणसं होती आणि चूल थंड होती. तेराव्यापर्यंत मी कोणाशी बोललो नाही. काकू रोज येऊन दारात बसायची, माझ्या तोंडाकडं बघायची आणि उठून जायची. हळद अजून जमिनीत होती. पुढं भावकीनं ती काढली तेव्हा दगड कधीच बाजूला पडलेले होते. भिजवलेली आणि साधी, दोन्ही एकाच कढईत शिजली. मोजायला काहीच उरलं नाही.

प्रबंध फाल्गुनात द्यायचा होता. मी तो दिला. आकडे मी केले. एकदम खोटे केले असं म्हणवत नव्हतं तेव्हा. मला वाटायचं, औषधानं गुण यायलाच हवा, पुस्तकं तसंच सांगतात, मग आकडे तसेच आले असते. साध्या सऱ्यांत मेलेली झाडं भरपूर आणि भिजवलेल्यांत त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, असा सुरेख तक्ता झाला. तू सरीतल्या नांग्या भरल्यास, मी तक्त्यातल्या भरल्या. तोंडी परीक्षेला प्रोफेसरांनी तक्ता बघून पुन्हा तेच विचारलं, "गिनती किसने की?" मी म्हणालो, "मैंने खुद." त्यांनी पान उलटलं. मला ऑनर्स मिळालं, तेही वरच्या वर्गात. त्यावर शेतीखात्यात नोकरी मिळाली आणि जन्मभर मी गावोगाव सांगत हिंडलो, बेणं भिजवा, कूज तिसऱ्या हिश्श्यावर येते.

निकाल घेऊन उन्हाळ्यात घरी आलो तेव्हा काकू आली. कमरेच्या दोन पोटल्या सोडून तिनं माझ्यापुढं ठेवल्या. एक माझ्या त्या निळ्या सदऱ्याच्या फडक्याची, एक तुझ्या जुन्या लुगड्याची, हळदीनं पिवळी पडलेली. "तुझ्या मायनं ठिवायला दिल्या व्हत्या," ती म्हणाली. "नांगी भरली का एक चिंचोका टाकायची. दगडवाल्या सरीचा निळ्यात, साध्याचा पिवळ्यात. एकबी चुकली न्हाई. मला म्हनली, पोराचा राग गेला का दे. तेराव्याला तू बोलतच नव्हतास, मंग म्या थांबले."

तर हे तू दाखवणार होतीस, माय. त्या दिवशी, करंज्या खाऊन झाल्यावर. मी सगळी हयात खात्यात काढली, मोठमोठ्या शिकलेल्या माणसांच्या नोंदवह्या तपासल्या, पण न सांगता, न शिकता, एक झाड न चुकता अशी नोंद ठेवणारं माणूस मला भेटलं नाही. त्या पोटल्या मी जपून ठेवल्या. बदल्या झाल्या, घरं बदलली, त्या ट्रंकेत तळाशी राहिल्या. मोजल्या मात्र नाहीत. मोजून काय करायचं होतं, निकाल लागून गेला होता. हे पत्रही आता त्यांच्याजवळच ठेवीन. पाठवायला पत्ता नाही, आणि वाचून दाखवायला मास्तर नाहीत.

माय, वरची एक ओळ खोटी आहे. मी पोटल्या मोजल्या. काकू गेल्यावर त्याच दुपारी, तुझ्या चुलीपुढं बसून, तुझ्यासारखेच विसाविसाचे ढीग करून. निळ्यात दोनशे एकोणीस निघाले, पिवळ्यात दोनशे अठ्ठावीस. फरक नऊ चिंचोक्यांचा. पुन्हा मोजले, नऊच. आपल्या रानात मोरचुदानं काहीच केलं नव्हतं. मग मी दोन्हीकडचे चिंचोके जमिनीवर एकत्र केले, हातानं कालवले आणि मुठीमुठीनं दोन्ही फडक्यांत परत भरून गाठी मारल्या, म्हणजे पुन्हा कोणाला मोजता येऊ नयेत.