निळ्या ठिपक्यांचा पॉसम

प्रिय ओलेटाताई,

तुला, तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, खिडकीतल्या कुंड्यांना आणि चर्चमध्ये तुझ्या शेजारी उभं राहून बेसूर गाणाऱ्या त्या बाईला व्हर्नेलचा नमस्कार. रक्तदाब काय म्हणतो? गोळ्या वेळेवर घेतेस ना? (घेत नसशील. लहानपणी एरंडेल गुपचूप कुंडीत ओतायचीस, ती कुंडी मला अजून आठवते.) माझी तब्येत ठणठणीत आहे. डोकं तर अगदी शाबूत. हे मुद्दाम लिहिते, कारण रँडलचा तुला फोन आला असेल. आईच्या शेवटच्या वर्षांत चुलीत जोडे सापडायचे. मीही त्याच वाटेला लागले आहे असं माझ्या पोटच्या पोराला वाटतं. येत्या रविवारी तो घर विकायचे कागद घेऊन अटलांटाहून येणार, आणि माझी रवानगी त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत होणार. एकतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. रोज बेचाळीस पोरं चढवली, बेचाळीस उतरवली, मागच्या बाकावर झोपलेलं एकही कधी विसरून आले नाही. असल्या बाईला गॅरेजवर ठेवतात का? पण असो. हे पत्र त्यासाठी नाहीच. मला काही मागायचंही नाही. पत्र पॉसमबद्दल आहे.

तू सव्हानाला तिसऱ्या मजल्यावर राहतेस, तुझ्या दारात कबुतरापलीकडे कोणी येत नाही. माझं परसू म्हणजे धर्मशाळा झाली आहे. आर्माडिलो हिरवळ उकरून जातो. रॅकून पाखरांच्या पाण्यात हात धुतो, जसं काही मी त्याला जेवायला बोलावलंय. ते मी चालवून घेतलं. पण मार्चमध्ये व्हरांड्याखाली पॉसम राहायला आला. (आठवतो ना? मांजराएवढं अंग, उंदराची शेपटी, तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरंफटक.) एका सकाळी तो मांजराच्या ताटलीत जेवत होता. मी बसमधला ठेवणीतला आवाज काढला, तसा तो जागच्या जागी आडवा झाला, जीभ बाहेर, डोळे उघडे. पॉसम मेल्याचं सोंग घेतो हे काय मला माहीत नाही? पण तास झाला, दीड तास झाला, माश्या बसायला लागल्या. मला वाईट वाटलं. फावडं आणून खड्डा खणला. तेवढ्यात कुंपणापलीकडून थर्लो बीझली आला. (तोच, माझ्या बसमध्ये मागच्या बाकावर बसणारा आणि उतरताना आरशाला च्युइंगगम लावणारा. आता पंचावन्नचा आहे, टक्कल पडलंय.) त्यानं टोपी काढून छातीशी धरली आणि प्रार्थना म्हटली. ‘आमेन’ म्हणताच मयत उठलं, आमच्या दोघांकडे एकदा पाहिलं आणि सावकाश चालत व्हरांड्याखाली गेलं. थर्लो म्हणाला, “व्हर्नेलबाई, माझ्या प्रार्थनेला आजवर असं रोख फळ कधी आलं नव्हतं!”

मग मी पिंजरा आणला. आत सार्डिन ठेवलं, पॉसम अडकला, त्याला गाडीत मागे ठेवून पूल ओलांडला आणि नदीपलीकडे, बंद पडलेल्या पीचच्या वखारीजवळ सोडला. सोडण्याआधी एक हुशारी केली. आपल्या व्हरांड्याचं छत आईच्या वेळेपासून निळं आहे. भुताला ते पाणी वाटतं आणि भूत पाणी ओलांडत नाही, म्हणून. माझ्या नवऱ्यानं, हॉलिसनं, जाण्याच्या वर्षी छताला शेवटचा हात दिला होता, त्यातला रंग डब्यात उरला होता. (तो जाऊन सहा वर्षं झाली, पण डबा असा गच्च बंद करून गेलाय की झाकण उघडताना दर वेळी मी त्याच्याशी भांडते.) त्यातला एक ठिपका पॉसमच्या पाठीवर लावला. परत आलाच, तर तोच आहे की त्याचा भाऊ, हे कळायला हवं ना. चार दिवसांनी पिंजऱ्यात पॉसम सापडला. भूत नदी ओलांडत नसेल, पॉसम ओलांडतो. पाठ पाहिली. एक ठिपका असायला हवा होता. तीन होते.

माझा संशय सरळ थर्लोवर गेला. जित्याची खोड. कुंपणाशी उभी राहून त्याला चांगला झापला. “अहो व्हर्नेलबाई,” तो म्हणाला, “माझ्या स्वतःच्या घराला वीस वर्षांत रंग लागला नाही, बायको रोज बोलते. आणि मी पॉसम रंगवत बसेन होय?” मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. मग चौथा ठिपका मी लावला (हा मी लावला, हे मला पक्कं आठवतं), त्याला पलीकडे सोडलं, रंगाचा डबा कपाटात बंद केला आणि किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातली. आंघोळ करतानाही काढली नाही. आठवड्यानं पॉसम पुन्हा हजर. सहा ठिपके. एका ओळीत, मानेपासून शेपटीकडे, सारख्या अंतरावर. ताई, तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. थर्लोच्या हाताला सरळ रेघ कधी जमली नाही. इतकं नीट काम या गल्लीत एकच बाई करते.

आता खरं सांगते, मला दिवसाउजेडी भीती वाटायला लागली आहे. काल भर दुपारी पॉसम पायरीवर येऊन बसला. पॉसम उन्हात असा बसत नाही. मी पिंजरा उचलला, दार उघडलं, सार्डिनचा डबा अजून फोडलाही नव्हता, आणि तो मुकाट्यानं स्वतःहून आत शिरला. कोपऱ्यात जाऊन, दाराकडे तोंड करून बसला. माझ्या बसमध्ये पोरं आपापल्या ठरलेल्या बाकावर बसायची, तसा. त्याला रस्ता पाठ झाला होता, माझ्यापेक्षा जास्त. मी दार उघडं टाकून घरात आले.

थोड्या वेळानं थर्लो टोमॅटो घेऊन आला. सहज म्हणाला, “परवा पुलावर मी हात केला, तुम्ही बघितलंच नाहीत. मागे पिंजरा होता. किती फेऱ्या मारता हो? मंगळवारीही दिसलात.” मी म्हटलं, “काहीतरीच काय, परवा मी दिवसभर घरात शेंगा सोलत होते.” टेबलावर टोपली होती, तिच्यात शेंगा होत्या, एकही सोललेली नव्हती. ताई, त्यानं टोपली पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी काढून छातीशी धरली. अगदी त्या दिवशी धरली होती तशी. मी त्याला म्हटलं, “थर्लो, टोपी घाल. मी अजून उभी आहे.”

तर असं आहे सगळं. रँडलला यातलं एक अक्षर कळू देऊ नकोस. दोष पॉसमचा आहे, हे तुझ्यासारख्या समंजस बाईला कळेलच. कुंड्यांना पाणी जपून घाल, मुळं कुजतात.

तुझी धाकटी आणि शाबूत बहीण,
व्हर्नेल

ता. क. रंगाचा ब्रश आत्ताच सापडला. एप्रनच्या खिशात. ओला आहे.

ता. क. पाकिटाला तिकीट लावायला वही काढली. सोमवारी वीस तिकिटांची नवी वही आणली होती. चौदा उरली आहेत. या पाकिटाला तर अजून लावलेलंही नाही, मग सहा कुठे गेली? बिलं रँडल भरतो. पत्र लिहावं असं मला तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. तेव्हा ताई, खरं खरं सांग, हे पत्र तुला कितव्यांदा आलं? आली असतील तर फाडू नकोस, नीट ठेव. तारीख घालायचं माझ्याकडून राहून जातं, ठिपक्यांवरून क्रम लाव. या पत्रात सहा आहेत. एखाद्यात नऊ असले तर ते यानंतरचं धर, आणि त्यात मी कशी आहे ते मला कळव.

ता. क. मला काही मागायचं नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. रविवारच्या आत ये. कागद समोर आले की मी सही करून बसेन आणि सोमवारी घर शोधत फिरेन. तू माझ्या शेजारी बस, आणि मी विसरले की टेबलाखालून पाय दाब, शाळेत दाबायचीस तसा. आणि ताई, तू आधीच येऊन गेली असशील, तर राग मानू नकोस. पुन्हा ये.