आजोबांनी कापलेला फोन

कॅल्गरी

प्रिय केया,

मनगटाचं प्लास्टर निघाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. तू माझे फोन घेत नाहीस आणि मेसेजवर लिहिण्यासारखं हे नाही, म्हणून कागद घेतला. रागावून का होईना, शेवटपर्यंत वाच.

मी युनिव्हर्सिटीत नक्की काय शिकवते, असं तू एकदा विचारलं होतंस. कॉम्प्युटर फोडणाऱ्यांपेक्षा माणूस फोडणारे जास्त, असं मी मुलांना सांगते. कुलूप कितीही भारी असो, आतला माणूसच कडी काढून देतो. म्हणून आमच्या वर्गात चोराच्या डोक्याने विचार करायचा अभ्यास असतो. ओजस नावाच्या विद्यार्थ्याने म्हाताऱ्या माणसाला कसं गंडवावं ते लिहून आणलं: अनोळखी नंबर, नातवंडाचा आवाज, आधी रडू, मग घाई. ते इतकं अचूक होतं की त्यावरून मी इथल्या ज्येष्ठ मंडळींसाठी वर्ग सुरू केला. त्याचा उपयोग किती होतो, हेच माझं संशोधन. आजोबा पुढच्याच खुर्चीत बसायचे. आजी गेल्यावर नाशिक सोडून ते माझ्याकडे आले तेव्हापासून नुसते खिडकीशी बसून असत; या वर्गाने त्यांना पुन्हा कामाचं माणूस केलं. असा फोन आला तर बोलत बसायचं नाही, कापायचा, हे ते शेजाऱ्यांनाही समजावू लागले.

त्या संध्याकाळी मी घरी आले तर ते खुशीत चहा टाकत होते. चोराने केयाचा आवाज हुबेहूब काढला होता, म्हणाले. फोन कापला तर पुन्हा केला, मग चांगलं सुनावलं आणि नंबर ब्लॉक केला. मी त्यांना शाबासकी दिली. चहा संपायच्या आत हॉस्पिटलमधून फोन आला.

तुझ्या मैत्रिणीची, ऋचाची गाडी तू एकटी घेऊन निघाली होतीस, ती बर्फावरून घसरून खड्ड्यात गेली, तुझा फोन फुटला, एका ट्रकवाल्याने आपला फोन दिला आणि तुला पाठ असलेला एकच नंबर, आजोबांचा, तू लावलास. नर्सला माझा नंबर तुझ्या कॉलेजकडून मिळाला होता. मी आजोबांना सगळं सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मी तिला चोरटी म्हणालो, ते तिने ऐकलं असेल का?"

तेव्हापासून फोन वाजला की ते खोलीतून उठून जातात. वर्गालाही येत नाहीत. माझे सहकारी चारुदत्त म्हणतात, आपल्या मोजमापाने हे यशच आहे. अनोळखी नंबर होता आणि म्हातारा माणूस फसला नाही. नियमाने त्यांचं खरं आहे, पण ते वाक्य माझ्याने अहवालात लिहवत नाही. खोटा कसा ओळखायचा ते आम्ही शिकवलं. खरं माणूस हाक मारतं तेव्हा काय करायचं, त्याचा एकही धडा नव्हता. मी वर्ग थांबवलाय. त्यातही चैन नाही, कारण परवाच वर्गाला येणाऱ्या प्रभाताईंना खरोखर तसा खोटा फोन आला आणि त्या वाचल्या त्या याच वर्गामुळे. आता काय शिकवावं, मला कळत नाही.

मोडका हात घेऊन तू तिथे एकटी पडली होतीस, आणि ज्यांनी तुला सायकल शिकवली त्यांनीच तुला झिडकारलं होतं. राग सोड, असं मी तुला कोणत्या तोंडाने सांगू?

मी आजोबांना म्हटलं, फोन लावून देते, बोला तिच्याशी. ते म्हणाले, "फोनवरचं बोलणं आता मलाच खरं वाटत नाही." म्हणून हे पत्र पोस्टाने आलेलं नाही. कोटाच्या आतल्या खिशात घालून त्यांनी ते विमानातून आणलं आणि ठरल्याप्रमाणे ऋचाने वर आणून तुला दिलं. तू हे वाचत असशील तेव्हा ते खाली तिच्या गाडीत बसलेले असतील. तू नको म्हणालीस तर परत विमानतळावर जायचं, हे त्यांचं त्यांनीच ठरवलंय. खिडकीशी जा. नुसता हात केलास तरी ते वर येतील.

तू काहीही ठरवलंस तरी तुझीच,
कस्तुरीआत्या